जगापासून लपवाल, लेकरांपासून का लपवता?

बारावीच्या परीक्षा संपल्या की आपल्या वस्त्यांतून आणि वसाहतींतून एक धावपळ सुरू होते. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र मिळवण्याची. अर्जासोबत वंशावळ द्यावी लागते, तीही प्रतिज्ञापत्रावर. अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. मग आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला निघतो. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबांचा निघतो, नाहीतर तहसील कचेरीत खेटे घालून जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीचा उतारा मिळवावा लागतो. पिवळ्या पडलेल्या त्या कागदावर जातीच्या रकान्यात 'महार', 'मांग' किंवा 'चांभार' असे लिहिलेले असते. ज्या घरात हा शब्द कधी उच्चारलाच गेला नाही, त्या घरातल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला आपले घराणे कुठून आले हे अशा वेळी कुण्या जुन्या कारकुनाच्या अक्षरातून कळते. आईवडिलांनी सांगायचे ते सरकारी कागद सांगतो!

शहरात स्थिरावलेल्या आपल्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत अशी घरे थोडीथोडकी नाहीत. बाप बँकेत, मंत्रालयात, रेल्वेत नाहीतर कॉलेजात नोकरीला. फ्लॅट मिश्र वस्तीत. आडनाव राजपत्रात नोंद करून बदललेले, गावाच्या नावाला 'कर' लावून तयार केलेले. दर्शनी खोलीत निसर्गचित्र आणि बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत, कपाटाच्या दाराच्या आतल्या अंगाला. मूल शाळेत जाऊ लागले की त्याला बजावलेले असते, "कुणी विचारलं तर एवढंच सांग, आम्ही मराठी." मूल ते मुकाट्याने शिकते. काय लपवायचे ते त्याला ठाऊक नसते. काहीतरी लपवायचे आहे एवढे मात्र पक्के कळते.

या गुपिताची किंमत ते मूल मोठे झाल्यावर आयुष्यभर मोजत राहते. आपल्या व्यासपीठांवर शिक्षणावर, आरक्षणावर, अत्याचारांवर भाषणे होतात, पण आपल्याच घरातल्या या गाठोड्याला कुणी हात लावत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

दोष कुणाचा?

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्या आईबापांनी जात लपवली त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा इथे हेतू नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले तेव्हा त्यांना डोके टेकायला जागा मिळेना. हिंदूंच्या हॉटेलात अस्पृश्याला थारा नव्हता. अखेर पारशी धर्मशाळेत, रोज दीड रुपया देऊन आणि वहीत पारशी नाव नोंदवून त्यांना राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला पारशांचा जमाव खोलीपुढे येऊन उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करण्याचा दम देऊन गेला. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांकडे बाबासाहेबांनी आसरा मागून पाहिला. दोघांनीही अंग काढून घेतले. शेवटी सार्वजनिक बागेत बसून त्यांनी मुंबईच्या गाडीची वेळ होण्याची वाट पाहिली. त्या काळच्या भारतातल्या अत्यंत उच्चशिक्षित तरुणांपैकी एकावर ही पाळी आली, तर खेड्यातून पोटासाठी शहरात आलेल्या आपल्या बापजाद्यांनी खोली मिळवताना तोंड बंद ठेवले यात नवल ते काय?

बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षककथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो, परक्या गावात निवारा मिळावा म्हणून जात सांगत नाही आणि ती उघड होताच मार खातो. त्या कथेला आता साठाहून अधिक वर्षे झाली. दरम्यान काळ बदलला असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास वाचावा. खासगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते. फरक फक्त नावात ठेवला होता. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या अर्जाच्या सुमारे दोन-तृतीयांश निघाली. शिक्षण तेच, अनुभव तोच, आणि आडनाव वाचताच दार अर्धे लोटलेले!

तेव्हा जात विचारणारा घरमालक साळसूद आणि जात न सांगणारा भाडेकरू लबाड, हा मनुवादी न्याय आपल्याला मान्य नाही. हे गुपित मुळात आपल्या घरात तयार झालेले नाही. ते बाहेरच्या समाजाने आपल्यावर लादले. बाहेर कुणाला, कधी आणि किती सांगायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. ज्याच्या पोटावर आणि निवाऱ्यावर गदा येते त्याला लांबून शौर्याचे धडे देणे सोपे असते.

बाहेरचे कुलूप घरात कशाला?

प्रश्न पुढचा आहे. घरमालकासाठी केलेले कुलूप आपण घरातल्या घरात, लेकरांच्या तोंडावर का लावले? बडोद्यात बाबासाहेबांनी पारशी नाव घेतले, पण ती गोष्ट पोटात ठेवली नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात त्यांनी ती स्वतःच्या हाताने लिहिली. नाव का बदलावे लागले, कुणी हाकलले, कोण मित्र पाठ फिरवून गेले, हे सगळे त्यात आहे. त्यामुळे त्या अपमानाची लाज बाबासाहेबांकडे राहिली नाही. ती हाकलणाऱ्यांकडे गेली. आपल्या पांढरपेशा वर्गाने यातला अर्धाच भाग उचलला. नाव बदलले, पण ते का बदलले हे मुलांना सांगितले नाही.

याचे परिणाम सावकाश दिसतात. गावाहून आजी येते तेव्हा शेजारपाजारच्यांसमोर तिला फार बोलू दिले जात नाही, कारण तिच्या बोलीवरून आणि तोंडातल्या 'जयभीम'वरून सगळे उघड होईल. काकाच्या मुलीच्या लग्नाला आई एकटीच जाऊन येते. मुलांच्या परीक्षा असतात, आणि त्या दरवर्षी ऐन लग्नसराईत असतात. गावी मुलांना नेले जात नाही, कारण तिथे घर कोणत्या बाजूला आहे हे मुले विचारतील. चौदा एप्रिलला सोसायटीच्या फाटकावरून मिरवणूक जाते तेव्हा आई खिडकी लावून घेते, आणि मग आतल्या खोलीत जाऊन मेणबत्ती लावते. मूल दोन्ही पाहते. घरात जी गोष्ट कुजबुजून बोलली जाते ती वाईटच असणार, हे मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही.

पुढे तो मुलगा वसतिगृहात राहायला जातो. तिथे आरक्षणावर विनोद होतात. ज्याला आपली जात ठाऊक आहे तो खाली मान घालून हसल्यासारखे करतो. ज्याला ठाऊक नाही तो मनापासून हसतो, एखाद्या गरीब पोराला 'कोट्यातला' म्हणून हिणवणाऱ्यांत आपलाही आवाज मिसळतो. आपल्या बापाची नोकरी, राहते घर आणि इंग्रजी शाळेची फी ही सगळी राज्यघटनेच्या सोळाव्या कलमाच्या आधाराने उभी राहिली हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. मग वैधता प्रमाणपत्राच्या निमित्ताने म्हणा, लग्नाच्या बोलणीच्या वेळी म्हणा, त्याला खरे कळते. त्या दिवशी त्याला दुहेरी लाज वाटते. एक जन्माची, जी मुळीच वाटायला नको होती. दुसरी आपल्याच माणसांवर हसल्याची, जी त्याच्यावर ओढवायला नको होती.

यातून काहीजण आईबापांवर उखडतात. "मला फसवलंत," एवढे एकच वाक्य वर्षानुवर्षे घरात घुमत राहते. काहीजण बापाचाच कित्ता गिरवतात आणि ते गुपित पुढे आपल्या बायकोपासून, मुलांपासून राखतात. त्यांची अख्खी उमेद पाळत ठेवण्यात जाते. फोनवर कोण काय बोलले, घरी कोण आले, मुलाच्या शाळेच्या अर्जात काय लिहिले, यावर सतत डोळा. हुद्दा मोठा, पगार मोठा, आणि "तुमचं मूळ गाव कोणतं?" एवढ्या साध्या प्रश्नाने घशाला कोरड! याला सुखवस्तू होणे म्हणायचे काय?

त्याग आणि लपवाछपवी

काही सुजाण वाचक इथे हरकत घेतील. ते म्हणतील, "१४ ऑक्टोबर १९५६ रोजी आम्ही जात टाकली. आम्ही बौद्ध आहोत. टाकून दिलेली घाण मुलांना कशाला दाखवायची?" हरकत प्रामाणिक आहे आणि तिला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे.

त्याग करणे आणि लपवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखोंच्या समुदायाने उघड्या मैदानात, मोठ्या आवाजात बावीस प्रतिज्ञा घेतल्या. काय सोडतो आहोत ते नाव घेऊन सोडले, काय स्वीकारतो आहोत ते नाव घेऊन स्वीकारले. त्याआधी वीस वर्षे, १९३६ च्या मे महिन्यात मुंबईच्या महार परिषदेत केलेल्या 'मुक्ती कोन पथे?' या भाषणात बाबासाहेबांनी हाच मुद्दा मांडला होता. नुसते नाव बदलल्याने सुटका होत नाही, धर्मांतर केले तरच नामांतराला अर्थ येतो, असे त्यांचे सांगणे होते. ज्या मुलाला 'आपण बौद्ध' एवढेच सांगितले आणि बौद्ध का झालो हे सांगितले नाही, त्याच्या लेखी बौद्ध हा शब्द म्हणजे अर्जात भरायचा आणखी एक रकाना. आजोबांनी गावकीची कामे का सोडली, आजीने मेलेली ढोरे ओढण्याला नकार का दिला, देव्हाऱ्यातले देव कुणी आणि कोणत्या विहिरीत नेऊन टाकले, हे त्याला कळले तरच त्या दीक्षेची उंची त्याला कळेल.

लपवण्यात खरी हानी ही होते. आपण मुलांपासून जात लपवू पाहतो, पण त्या गाठोड्याबरोबर १९२७ चे महाड जाते. महार वतनाच्या वेठबिगारीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडलेले विधेयक जाते, आणि ते वतन अखेर १९५८ च्या कायद्याने गेले तेव्हा गावागावांत जो मोकळा श्वास घेतला गेला तोही जातो. मुलाच्या हाती शेवटी उरते काय? लाज तेवढी पोचते. ती घालवण्यासाठी आपल्या माणसांनी काय केले ते मात्र पोचत नाही.

साता समुद्रापलीकडचा दाखला

हे दुखणे आपल्यापुरते नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतील साम्य दाखवून दिले होते. हे साम्य कुटुंबाच्या उंबऱ्यापर्यंत जाते. अमेरिकेत उजळ रंगाचे कित्येक कृष्णवर्णीय गोरे म्हणून वावरले. न्यू ऑर्लीन्सच्या मिश्र वंशाच्या कुटुंबात १९२० साली जन्मलेले अनातोल ब्रॉयार्ड हे त्यांपैकी एक. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे ते नावाजलेले ग्रंथसमीक्षक. १९९० साली कर्करोगाने ते मरणाच्या दारात असताना त्यांच्या दोन मुलांना आईकडून कळले की आपल्या वडिलांचे घराणे कृष्णवर्णीयांचे आहे. मुलगी ब्लिस हिने पुढे वडिलांकडचे नातेवाईक शोधून काढले आणि २००७ साली 'वन ड्रॉप' हे पुस्तक लिहिले. वडील गेले, आणि जे प्रश्न फक्त त्यांनाच विचारता आले असते ते तिच्याजवळच राहिले. चुलत्या-आत्यांची एक अख्खी शाखा तिला चोविसाव्या वर्षापर्यंत परकी होती. आपल्याकडे लग्नाला न नेलेली, गावी न पाठवलेली मुले याच नुकसानीतून जातात. त्यांनी पुस्तक लिहिले नाही, एवढेच.

रोहित आणि त्याची आई

आपल्याच देशात हे गुपित किती जीवघेणे होऊ शकते हे रोहित वेमुलाच्या घरात दिसले. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद केंद्रीय विद्यापीठाच्या या संशोधक विद्यार्थ्याने आत्महत्या केली आणि देशभर आगडोंब उसळला. त्याच्या आई राधिका वेमुला यांनी जी हकीकत सांगितली ती अशी : जन्म माला या अनुसूचित जातीतला, पण लहानपणापासून वाढल्या त्या वड्डेरा या मागास जातीतल्या घरी, लग्नही त्याच जातीत लावून दिले गेले आणि नवऱ्यापासून त्यांची जन्मजात लपवली गेली. ती कळताच नवऱ्याने छळ मांडला. राधिकाताईंनी मुलांना घेऊन वेगळा संसार केला, शिलाईकाम करून ती वाढवली. रोहित मोठा झाला तो या कहाणीच्या सावलीत, आणि तिच्यातूनच तो आंबेडकरी झाला.

त्याच्या मृत्यूनंतर सत्ताधाऱ्यांनी काय केले? त्याला कुणी छळले यापेक्षा तो दलित होता की नव्हता यावर चौकश्या झाल्या. २०२४ च्या मे महिन्यात तेलंगण पोलिसांनी न्यायालयात दिलेल्या अहवालातही तो अनुसूचित जातीचा नव्हता असे म्हटले गेले. ओरड झाली तेव्हा पुढील तपासाची घोषणा करावी लागली. एका बाईच्या आयुष्यावर इतरांनी लादलेले गुपित तिच्या मुलाच्या मरणानंतर त्याच्याच विरोधात पुरावा म्हणून वापरले गेले! राधिकाताईंनी मात्र तोंड लपवले नाही. १४ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत दादरच्या आंबेडकर भवनात त्यांनी आणि त्यांचा मुलगा राजा याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

रोहितच्या मृत्यूचा धक्का आणखी एका घरात पोचला. राजस्थानच्या अजमेरची यशिका दत्त ही पत्रकार लहानपणापासून जात लपवून जगत आली होती. रोहितची बातमी वाचल्यावर तिने आपण दलित असल्याचे जाहीर केले आणि २०१९ साली 'कमिंग आउट ॲज दलित' हे पुस्तक लिहिले. त्याला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही मिळाला. गुपित फुटले म्हणून ती संपली नाही, लिहिती झाली.

सांगितले त्यांनी साहित्य दिले

मराठीत तर ही परंपरा आपल्याच लेखकांनी घातली. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले तेव्हा 'घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला?' अशी तक्रार आपल्याच शिकलेल्या घरांतून झाली होती. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ साली 'अक्करमाशी' लिहिले. बाप सवर्ण पाटील, आई महार, आणि बापाचे नाव लावण्याचा अधिकार नाही, ही ज्या मुलाची जन्मकथा, त्याने ती स्वतःच सांगून टाकली आणि 'मी कोण?' हा प्रश्न उलटा समाजालाच विचारला. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'चे लेखन कित्येक वर्षे नवऱ्याच्या नजरेआड लपवून ठेवले होते. ते बाहेर आले म्हणून आज आपल्या आज्या-पणज्यांचे जगणे आपल्याला वाचता येते. या पुस्तकांनी समाजाची अब्रू गेली काय? उलट ज्यांनी हे जगणे लादले त्यांची गेली.

आता काय करावे?

पहिली गोष्ट, मुलाला कागदाच्या आधी आईबापाच्या तोंडून कळले पाहिजे. सात-आठ वर्षांच्या मुलाला बाबासाहेबांच्या लहानपणीची गोरेगावची गोष्ट समजते. बैलगाडीवाल्याने जात कळल्यावर काय केले आणि तहानलेल्या पोरांना रात्रभर पाणी का मिळाले नाही, हे ते मूल ऐकते आणि प्रश्न विचारते. त्याच ओघात "आपल्या आजोबांच्या बाबतीत असं झालं होतं" हे सांगता येते. शब्द दडपू नयेत. 'महार' हा शब्द शिवी म्हणून मुलाने पहिल्यांदा परक्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा, इतिहास म्हणून बापाच्या तोंडून ऐकावा. मातंग, चर्मकार बांधवांच्या घरांनाही हेच लागू आहे. ज्या भटक्या-विमुक्तांवर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार म्हणून शिक्का मारला आणि तो कायदा १९५२ साली रद्द होईपर्यंत पुसला नाही, त्यांच्या घरांना तर अधिकच.

दुसरी गोष्ट, बाहेर सावध राहायचे असेल तर त्याचे कारण मुलाला सांगा. "आपल्यात काही कमी आहे म्हणून नाही, समोरच्याच्या डोक्यात घाण आहे म्हणून आपण इथं जपून बोलतो." एवढे एक वाक्य मुलाच्या पाठीचा कणा ताठ ठेवते. मग कुठे बोलायचे आणि कुठे नाही हे ते मोठे झाल्यावर आपले आपण ठरवील.

तिसरी गोष्ट, घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांना बोलते करा. आज खेड्यातल्या घरातही मोबाइल आहे. आजीसमोर तो ठेवा आणि तिला विचारा. दीक्षा घेतली त्या दिवशी गावात काय झाले? मुंबईला पहिल्यांदा कोण आले, कोणत्या चाळीत उतरले? आडनाव कुणी बदलले आणि कोणत्या प्रसंगाने? वंशावळ समितीसाठी करतोच, एक घरासाठीही लिहावी. नावापुढे जात लिहायची गरज नाही, त्या माणसाने काय केले ते लिहावे.

चौथी गोष्ट विहारांसाठी. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास अशा आठवणींना द्यावा. मुले पुढे बसावीत, ज्येष्ठांनी सांगावे. भाषण नको, हार-तुरे नकोत. ज्यांनी वर्षानुवर्षे तोंड उघडलेले नाही असे निवृत्त अधिकारी तिथे बोलू लागले तर त्यांच्याही छातीवरचा दगड उतरेल. आपल्या मुलांच्या नजरेला नजर देणे त्यांना सोपे जाईल.

आईबापांनी भीतीपोटी जे केले त्यामागे लेकराचे भले व्हावे हीच इच्छा होती, यात शंका नाही. पण भले करायचे तर लेकराला त्याचा वारसा दिला पाहिजे. तो वारसा महाडच्या तळ्याचा आहे, दीक्षाभूमीचा आहे, आणि आपल्या नावाचा उल्लेख कुठल्याच पुस्तकात नसलेल्या आजी-आजोबांचाही आहे. तो या आठवड्यातच, रात्रीच्या जेवणाला सगळे एकत्र बसतील तेव्हा सांगायला सुरुवात करा.